नाकाबंदीवरची काठी

(पुण्यात झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मध्यंतरी आपल्या तरुण संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आला होता. रात्रीची नाकाबंदी, मोटारसायकलवरचा एक तरुण आणि त्याच्या पोटऱ्यांवर पडणारी पोलिसाची काठी. लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, "बरं झालं, ही पोरं अशीच वठणीवर येतात." दुसरा म्हणाला, "वर्दी घातली की माणूस असाच होतो." कुणीतरी माझं मत विचारलं. मी गप्प बसलो, कारण या विषयात माझी स्वतःचीच एक गोष्ट अडकलेली आहे. ती आज सांगतो. आधी थोडं इतर बोलू द्या.

आपण पुणेकर. चौकात मामांशी हुज्जत घालणं हा आपल्याला जन्मसिद्ध हक्क वाटतो. पण त्या चौकात दिवसभर धूर गिळत उभ्या असलेल्या माणसाच्या जागी आपण क्वचितच जाऊन बघतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला विलास शिंदे नावाच्या वाहतूक पोलिसाने एका अल्पवयीन मुलाला दुचाकी चालवताना अडवलं. मुलाने मोठ्या भावाला बोलावून घेतलं आणि त्या भावाने शिंदे यांच्या डोक्यात प्रहार केला. आठवडाभर मृत्यूशी झुंज देऊन ३१ ऑगस्टला ते गेले. गाडी अडवणाऱ्या प्रत्येक पोलिसाच्या मनात अशा बातम्या असतात. समोरच्याचा हात खिशात गेला तर तो परवान्यासाठी गेला की कशासाठी, हे त्याला क्षणात ठरवायचं असतं. म्हणून पोलिसाने बळ वापरलं की ते अन्यायाचंच, असं मी म्हणणार नाही.

मग ठरवायचं कसं? कायदा इथे आपल्याला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. गणवेशातल्या पोलिसाने मागितला तर परवाना दाखवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे आपल्यावर बंधनकारक आहे. तिथे वाद नाही. अटक करताना माणूस जोराने विरोध करू लागला तर त्याला आवरण्यासाठी आवश्यक ते उपाय पोलीस करू शकतात, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. आणि कलम ४६ म्हणतं की पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त जखडून ठेवायचं नाही. म्हणजे बळ हे आवरण्यासाठी आहे. माणूस आवरला गेला की त्यानंतरचा प्रत्येक फटका ही शिक्षा होते, आणि शिक्षा देणं हे पोलिसाचं काम नव्हे. विनापरवाना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असं कायद्यात लिहिलंय. त्यात काठी कुठेही नाही.

दोन उदाहरणं घेऊ. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लखनौत मध्यरात्रीनंतर गस्तीवरच्या पोलिसांनी एक मोटार थांबवायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. शिपायाने काचेतून गोळी झाडली आणि चालक मेला. शिपायाचं म्हणणं होतं की गाडी माझ्या अंगावर घातली. अशा वेळी मी पहिल्यांदा विचारीन, बाजूला होणं शक्य होतं का? गाडीचा नंबर टिपून पुढच्या नाक्यावर कळवणं शक्य होतं का? दुसरं उदाहरण तमिळनाडूतल्या सेलम जिल्ह्यातलं. २०२१ च्या जूनमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तपासणी नाक्यावर एका दारू प्यायलेल्या माणसाला उपनिरीक्षक दर्जाच्या पोलिसाने लाठीने मारलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस दगावला आणि त्या पोलिसाला अटक झाली. इथे प्रश्न विचारायचीही गरज पडत नाही. तो माणूस तोंडाने काहीबाही बोलला असेल, पण तोंडाला लाठी हे उत्तर नव्हे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकासमोर उभ्या असलेल्या प्रभूला एक कामदार चपराक मारतो. प्रभू तिथे शाप देत नाही आणि गप्पही बसत नाही. तो कारण विचारतो. माझं बोलणं चुकलं असेल तर चूक दाखव, चुकलं नसेल तर मारलंस का? हा प्रश्न मी कित्येकदा प्रवचनात सांगितला होता. वेळ आली तेव्हा विचारला मात्र नाही.

आता माझी गोष्ट. आपण ज्या कातकरी वाडीवर काम करतो तिथला एकोणीस वर्षांचा एक पोरगा. वीटभट्टीवर जातो. एका संध्याकाळी दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन निघाला. पुढे नाकाबंदी दिसली आणि त्याने गाडी वळवली. घाईत घसरून पडला. पोलीस धावत आले. तो खाली पडलेला असताना त्याला चार-पाच काठ्या बसल्या. मागे बसलेल्या दोघांनी हे पाहिलं. रात्री साडेदहाला मी चौकीत पोचलो. तिथले साहेब माझ्याशी फार सभ्यपणे बोलले. चहा मागवला, "तुमचा मुलगा आहे म्हणून सोडतो," म्हणाले. मी आभार मानले. हो, आभार मानले.

आजीने हळद-तेल लावलं. दोन दिवसांनी पाय इतका सुजला की आठ दिवस कामावर खाडा पडला, आणि मुकादमाकडची उचल तेवढी लांबली. आजीने मला विचारलं, "दादा, पोरगा पडला व्हता ना? मग मारला कशापायी?"

त्याच रात्री त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन जखमांची नोंद करून घ्यायला हवी होती. दोन साक्षीदारांचं म्हणणं लिहून घ्यायला हवं होतं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, हेही मला माहीत होतं. मी काहीच केलं नाही. आपली औषधांची गाडी त्याच चौकीवरून जाते, संबंध कशाला बिघडवायचे, असा हिशेब मी केला होता. काही दिवसांनी आपल्या एका वकीलबंधूंनी विचारलं, नोंद कुठे आहे? नोंद नव्हतीच. आता कुणी म्हणालं की तो पडून लागलं, तर मी काय दाखवणार?

पोराने गाडी का वळवली, हेही बघा. परवाना नव्हता. परवाना का नव्हता? वयाचा पुरावा लागतो, आणि त्याचा जन्म वाडीवर झाला, नोंद कुणी केली नाही. पत्त्याचा पुरावा लागतो, आणि झोपडी दुसऱ्याच्या जमिनीवर. चूक त्याचीच होती, मी ती झाकत नाही. दंड झाला असता तर आम्ही भरला असता.

याच शहरात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या मोटारीखाली दोन जीव गेले. काही तासांत त्याला जामीन मिळाला, अटींमध्ये एक तीनशे शब्दांचा निबंध होता. वरिष्ठांना वेळेवर न कळवल्याबद्दल पुढे येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. त्या मुलाला पोलिसांनी झोडायला हवं होतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. जो वकील, जो निबंध, जी सभ्यता त्याला मिळाली, त्यातली सभ्यता तरी वाडीवरच्या पोराला मिळावी, एवढंच.

हा पोरगा आता मोटारसायकलवर बसत नाही. पहाटे चारला उठून बांधावरून चालत भट्टीवर जातो, म्हणजे नाका लागत नाही. त्याच्यासह वाडीवरच्या अकरा जणांच्या वयाच्या दाखल्यांचे अर्ज आम्ही तयार केले आहेत. तहसील कचेरीत आणि पुढे आरटीओत त्यांच्याबरोबर जायला आठवड्यातला एक दिवस देऊ शकतील अशी दोन माणसं हवी आहेत. मेळावा संपल्यावर मी दाराजवळ वही घेऊन थांबतो.