रबरी डायनासोर आणि खराखुरा शत्रू

डायनासोरचा सिनेमा म्हटलं की आपल्याला ‘जुरासिक पार्क’च आठवतो. १९९३ सालचा तो चित्रपट पुढे हिंदीत बोलू लागला आणि आपल्याकडच्या पोरांना त्या प्राण्यांची अवघड नावं तोंडपाठ झाली. मला आज बोलायचंय ते त्याच्या एका गरीब, थोरल्या भावाविषयी. त्याचं नाव ‘द लँड दॅट टाइम फरगॉट’. म्हणजे काळाला विसर पडलेली भूमी. अमिकस या छोट्या ब्रिटिश कंपनीनं १९७४ साली तो काढला. दिग्दर्शक होते केविन कॉनर.

गोष्ट टारझनच्या जनकाची, एडगर राइस बरोज यांची. ती १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, मासिकात छापून आली. चित्रपटात काळ आहे १९१६चा. एक जर्मन पाणबुडी प्रवासी असलेलं ब्रिटिश जहाज बुडवते. वाचलेली माणसं त्याच पाणबुडीवर चढून तिचा ताबा घेतात. भरकटत सगळेच एका हिमवेढ्या बेटाशी पोचतात. पाण्याखालच्या बोगद्यातून आत शिरावं तर समोर डायनासोर चरताहेत!

आता हे डायनासोर कसे? बाहुली तसूतसूनं हलवत एकेक चित्र टिपायचं, ही पद्धत १९२५ सालच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’पासून पडद्यावर गाजत होती. पण तिला वेळ लागतो आणि पैसाही. इथं दोन्हीची चणचण. म्हणून रॉजर डिकन यांनी हातात घालून हलवायचे प्राणी बनवले. आकाशातले पंखवाले सरडे तर तारेला टांगलेले. ते उडतात, पण पंख काही हलत नाहीत! आजच्या मुलांना दाखवा, पोट धरून हसतील. हसू द्यावं. गावच्या नाटकातला पडद्यावर रंगवलेला राजवाडा काय कुणी खरा मानतो? तरी राजाच्या दुःखानं डोळे पाणावतातच.

या बेटाची कल्पना मला फार आवडते. इथं उत्क्रांती वर्षांत मोजायची नाही, अंतरात मोजायची. जसजसं उत्तरेला जावं तसतसे प्राणी आणि माणसं पुढारलेली. एकच जीव आपल्या एका आयुष्यात खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चालत जातो. म्हणजे मागासलेला कुणी जन्माचा नसतो, तो वाटेवर असतो.

पण चित्रपटानं मूळ गोष्टीत केलेला एक बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बरोज यांच्या कादंबरीतला जर्मन कप्तान फॉन शोनफोर्ट्‌स हा निखळ दुष्ट. बेटावर तेल मिळताच तो बाकीच्यांना सोडून पाणबुडी घेऊन पळतो. युद्ध पेटलेलं असताना शत्रू असाच लिहिला जातो. पटकथा लिहिली मायकल मूरकॉक आणि जेम्स कॉथॉर्न यांनी. मूरकॉक १९३९ साली लंडनला जन्मलेले, म्हणजे जर्मन बॉम्बच्या छायेत बालपण गेलेला माणूस. त्यांच्या पटकथेतला कप्तान मात्र सुसंस्कृत, विज्ञानाची ओढ असलेला. जहाजावरून वाचलेली लिसा ही जीवशास्त्र जाणणारी तरुणी. बेटावरचं पाणी तपासत ती आणि तो एकाच कोड्यावर विचार करतात. तिथं दोन देश उरत नाहीत, एक प्रश्न उरतो.

माझं नाव ऐकल्याबरोबर माझ्याविषयीची पुढची वाक्यं मनात पूर्ण करून टाकणारी माणसं मला भेटतात. मराठीत कविता लिहितो म्हटलं की ती थबकतात आणि मग नव्यानं बोलू लागतात. ते थबकणं मोलाचं असतं. शत्रूची ठरीव ओळख पुसून पटकथाकारांनी प्रेक्षकाला तसंच थबकायला लावलंय.

अर्थात ते भाबडे नाहीत. सगळे मिळून जमिनीतलं कच्चं तेल काढतात, शुद्ध करतात, परतीची तयारी होते. तेवढ्यात ज्वालामुखी फुटतो. नायक बोवेन आणि लिसा अजून परतलेले नसतात. कप्तान त्यांच्यासाठी थांबू म्हणतो, आणि त्याचाच सहकारी डीट्झ त्याला गोळी घालतो. दगा परक्याकडून नाही, आपल्याकडूनच. पाणबुडी निघते, पण उकळत्या पाण्यात तीही जाते. ज्यांना मागे सोडलं तेच दोघं जगतात.

मग बोवेन सारी हकीकत लिहून बाटलीत घालतो आणि ती समुद्रात फेकतो. कुणाला मिळेल, कोणत्या देशाच्या किनाऱ्याला लागेल, उघडणारा मित्र असेल की शत्रू, त्याला ठाऊक नाही. तरी तो लिहितो. एवढ्या एका कृतीसाठी त्या न हलणाऱ्या पंखांना मी आनंदानं माफ करतो.