मंगळुरी कौले आणि मिशनची भाकरी



कोकणातील घरांवर चढलेल्या मंगळुरी कौलांच्या मुळाशी धर्मप्रसाराचा इतिहास आहे. स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनचे पाद्री १८३४ साली मंगळुरास आले. ख्रिस्ती होणाऱ्यास जात बहिष्कृत करी; जातीबरोबर त्याचा धंदा आणि भाकरीही जाई. त्यांच्या पोटासाठी मिशनने हातमाग घातले, १८६५ साली जेप्पूस कौलांचा कारखाना काढला. जातिव्यवस्थेने हिरावलेला रोजगार मिशनने दिला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु धर्मगुरू आणि मालक एकच झाले, की मजुरीची तक्रार कृतघ्नता ठरते आणि श्रद्धा डळमळली तर चूल विझण्याची धास्ती पडते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हे कारखाने मिशनकडून काढून घेतले. पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. ज्यांच्यासाठी ते उभारले गेले, ते कामगार मात्र मालक झाले नाहीत.

संस्था चर्चची असो, मठाची असो वा देवस्थानाची; कामगाराच्या श्रद्धेची नोंद हजेरीपटावर होता कामा नये, आणि कारभारात त्याला मत असलेच पाहिजे. उपकाराची भाकरी हक्काची होते ती तेव्हाच.