चेन्नईतील ५२६ दात



जुलै २०१९ मध्ये चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालय व रुग्णालयात सात वर्षांच्या एका मुलाच्या खालच्या जबड्यातून ५२६ दात काढण्यात आले. वृत्तपत्रांनी त्याचा विक्रम केला. आपण त्यामागील रोगप्रक्रिया पाहू.

दात घडविणाऱ्या पेशींची वाढ वाट चुकली की जबड्याच्या हाडात ‘ओडोन्टोमा’ नावाची गाठ निर्माण होते. ती कर्करोगाची नसते. शरीरात अन्यत्र पसरत नाही. तिच्या एका प्रकारात दंतसदृश कण साठतात, दुसऱ्यात दंतऊतींचा आकारहीन गोळा बनतो. चेन्नईच्या मुलाच्या जबड्यातील पिशवी सुमारे २०० ग्रॅम वजनाची होती. तज्ज्ञांनी कित्येक तास खपून तिच्यातील कण वेगळे केले, तेव्हा अगदी बारीक कणालाही शीर्ष, मूळ आणि एनॅमलचे आवरण असल्याचे आढळले. शल्यविशारदांनी जबडा बाजूने न फोडता वरून उघडला, म्हणून हाडाची पुनर्रचना टळली.

सूज मात्र मूल तीन वर्षांचे असतानाच पालकांना दिसली होती. ती लहान होती, मूल तपासू देईना, आणि चार वर्षे गेली. २०१४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सतरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात २३२ दात काढले गेले. तोही दीड वर्ष त्रास सोसत होता. गावाकडे निदान झाले नाही आणि वडिलांना कर्करोगाची धास्ती होती. गाठ निरुपद्रवी, पण ती कळेपर्यंतचा काळ मुळीच निरुपद्रवी नव्हे!

अशा गाठीमुळे कायमचा दात हाडातच अडकतो. ‘ॲडेनोमॅटॉइड’ ही आणखी विरळा गाठ तर बहुधा किशोरवयीन मुलींत, वरच्या जबड्यातील अडकलेल्या सुळ्याभोवतीच वाढते. दुखत नसल्याने दोन्ही दुर्लक्षित राहतात. योग्य वयात न उगवलेला दात हीच पुष्कळदा पहिली खूण असते; साधे क्ष-किरण चित्र बहुतेक वेळा गाठ दाखवून देते. ती पूर्ण काढल्यावर सहसा पुन्हा उद्भवत नाही.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांमधून दातांची कीड तपासली जाते. कीड डोळ्यांना दिसते, हाडातील गाठ दिसत नाही. तपासणी करणाऱ्याने दात मोजले, तर ही उणीव बरीच भरून निघेल. त्याला वेगळा खर्च नाही.

शस्त्रक्रियेनंतर चेन्नईच्या त्या मुलाच्या तोंडात २१ दात राहिले.