डोंगरमाथ्यावरील वारा

पावसाळ्याच्या तोंडीं ज्यांनीं एखादा घाट पायीं चढला असेल, त्यांस एक अनुभव खचित आला असेल. पायथ्याशीं झाडाचें पान मंद हालत असतें, आणि माथ्यावर पाऊल ठेवतांच डोक्यावरील टोपी सांभाळण्याची पाळी येते. वारा तोच, दिवसही तोच. मग हा फरक कां पडतो, आणि नेमका किती पडतो? पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. दुसऱ्याच्या उत्तरासाठीं मात्र शास्त्रज्ञांस गणित आणि प्रत्यक्ष डोंगर या दोहोंची सांगड घालावी लागली.

ओढ्याच्या पात्रांत मोठा धोंडा बुडालेला असला, तर त्याच्या पाठीवरून जातांना पाण्याची धार पातळ व वेगवान होते, आणि पलीकडे भोंवरे पडतात. वाऱ्याचेंही बरेंचसें तसेंच आहे. डोंगर आडवा आला कीं प्रवाह वर उचलला जातो. माथ्यावर तो दाटीनें वाहतो, तेथील दाब उतरतो आणि वेग चढतो. पलीकडील उतार सौम्य असेल तर वारा त्यास धरून खालीं येतो. उतार तीव्र असेल तर तो जमिनीपासून सुटतो, आणि आडोशाच्या बाजूस उलटसुलट भोंवरे फिरूं लागतात.

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. ५ मार्च १९६६ रोजीं जपानांत, आकाश स्वच्छ असतांना, फूजी पर्वताच्या आडोशाच्या बाजूस एक प्रवासी विमान अशा प्रक्षुब्ध हवेंत सांपडून मोडलें, व त्यांतील १२४ माणसें प्राणांस मुकलीं. पवनचक्की उभारणारासही हा हिशेब चुकवून चालत नाहीं. वाऱ्यापासून मिळणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून वेगाच्या अंदाजांत शेंकडा १० ची चूक झाली, तर शक्तीच्या अंदाजांत ती शेंकडा ३० च्या घरांत जाते.

१९७५ सालीं जॅक्सन व हंट या दोघांनीं ठेंगण्या, सौम्य उताराच्या टेकडीवरील वाऱ्याचें गणित प्रसिद्ध केलें. जमिनीलगतच्या पातळ थरांत घर्षणाचा अंमल, आणि त्यावरील थरांत टेकडीच्या आकारानें उत्पन्न होणाऱ्या दाबाचा अंमल, अशी त्यांची मांडणी होती. गणित सुबक होतें. परंतु खऱ्या टेकडीवर तें पारखून पाहणें अवश्य होतें.

त्यासाठीं स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील साउथ युइस्ट बेटावरची अ‍ॅस्करव्हेन ही टेकडी निवडण्यांत आली. तिची उंची ११६ मीटर, आकार जवळजवळ लंबवर्तुळाकार, आणि नैर्ऋत्येकडून समुद्रवारा सपाट जमिनीवरून तिच्याकडे येतो. १९८२ व १९८३ सालीं अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं तेथें पन्नासांवर मनोरे उभारून वेग मोजले. माथ्यावर, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, वारा सपाटीवरच्यापेक्षां सुमारें ८० टक्के अधिक वेगानें वाहत असल्याचें आढळलें. म्हणजे शक्ति जवळजवळ सहापट! वाऱ्याच्या सन्मुख उतारावर व माथ्यावर गणित मोजमापाशीं चांगलें जुळलें. आडोशाच्या बाजूस मात्र तें डळमळलें.

पुढें डेन्मार्कमधील रोस्किल्डे खाडींत, बोलुंड नांवाच्या अवघ्या १२ मीटर उंचीच्या टेंकाडावर, २००७-०८ सालीं आणखी कडक परीक्षा झाली. त्याची एक बाजू कड्यासारखी तुटलेली आहे. मोजमापें गुप्त ठेवून गणित करणारांस उत्तरें आधीं मागविलीं. पन्नासांहून अधिक उत्तरें आलीं. कड्याच्या कडेशीं, जमिनीलगत, त्यांत मोठी तफावत निघाली. सह्याद्रीच्या पठारांच्या कडाही अशाच तुटलेल्या आहेत, आणि सातारा जिल्ह्यांत चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. तेव्हां हा धडा महाराष्ट्रासही परका नाहीं.

२०१७ सालीं पोर्तुगालमध्यें पेर्दिगाँव येथें याहून मोठा प्रयोग झाला. सुमारें दीड किलोमीटर अंतरानें समांतर गेलेल्या दोन डोंगररांगा आणि मधली दरी, हें तेथील क्षेत्र. मनोऱ्यांच्या जोडीला तेथें लायडार यंत्रें होतीं. हवेंतील सूक्ष्म कणांवरून परतणाऱ्या लेसर-किरणांच्या कंपनसंख्येंत पडणाऱ्या फरकावरून तीं दूरच्या वाऱ्याचा वेग सांगतात. रात्रीं जमीन निवाली कीं थंड, जड हवा उतारावरून दरींत उतरते, आणि वरून जाणारा वारा डोंगराच्या पलीकडे लाटांनीं वाहूं लागतो. दिवसाच्या वाऱ्यापुरतें केलेलें गणित येथें अपुरें पडतें.

मनोरा आपल्या जागेपुरतें खरें सांगतो. मधल्या जागेचें त्यास ठाऊक नसतें. गणित साऱ्या डोंगराचें सांगतें; पण कोठें चुकलें हें त्याचें त्यास कळत नाहीं. म्हणूनच डोंगराळ मुलखांत पवनचक्क्या उभारतांना आधीं निदान वर्षभर वारा मोजण्याची रीत पडली आहे. सर्व ऋतूंतील वारा हातीं आल्यावर मग गणित, आणि गणितानंतर पायाचा दगड, हा क्रम खर्चाचा वाटला तरी अखेरीस तोच स्वस्त पडतो.