आधी उंची, मग पाणी

(शहागंज, छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



२००८ साली चंद्राकडे गेलेल्या चांद्रयान-१ वर अकरा उपकरणे होती. तिरंगा घेऊन चंद्रावर आदळलेले उपकरण आपल्या लक्षात आहे. पाण्याचा माग काढणारेही आहे. पण १६ नोव्हेंबर २००८ रोजी कामाला लागलेले एक उपकरण फारसे कुणाला आठवत नाही. ते चंद्राची उंची-खोली मोजणारे लेझर उपकरण होते. इस्रोच्या बंगळुरू येथील प्रयोगशाळेत, जे. ए. कमलाकर यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले. शंभर किलोमीटर उंचीवरून चंद्राला प्रदक्षिणा घालताना सेकंदाला दहा वेळा खाली लेझरचा झोत सोडायचा आणि तो परतायला किती वेळ लागला ते टिपायचे, एवढेच त्याचे काम. या कामाविषयी आज बोलायचे मी मुद्दाम ठरवले. ग्रहांविषयी गेल्या पाव शतकात जे मूलभूत ज्ञान हाती आले, त्यातला मोठा वाटा या मोजणीचा आहे. नाव मात्र छायाचित्रांचे होते.

प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. शंभर किलोमीटर खाली जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही दोन-तृतीयांश वेळ पुरतो. त्या वेळेत एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तर उंचीत पंधरा सेंटिमीटरांचा फरक पडतो. म्हणजे हे सगळे काम घड्याळाचे आहे. पण घड्याळ कितीही चांगले असले तरी लेझरला फक्त यान आणि जमीन यांतले अंतर कळते. यान स्वतः ग्रहाच्या केंद्रापासून किती दूर आहे, हे पृथ्वीवरून रेडिओ संदेशांनी त्याचा माग ठेवून काढावे लागते. आणि शून्य कुठे धरायचे? आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे असे आपण सहज म्हणतो. मंगळावर समुद्रच नाही. तिथे आधी गुरुत्वाकर्षण मोजून, समुद्र असता तर त्याचे पाणी ज्या पातळीवर स्थिरावले असते ती पातळी गणिताने काढावी लागली. चंद्रासाठी १,७३७.४ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरतात. मला या शास्त्राचा सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो: नसलेल्या समुद्राची सपाटी ठरवायची आणि मग डोंगर मोजायचे.

मंगळाची कथा जरा सविस्तर सांगतो. नासाचे ‘मार्स ऑब्झर्व्हर’ यान ऑगस्ट १९९३ मध्ये मंगळाच्या कक्षेत शिरायला तीन दिवस उरले असताना मुके झाले. त्याच्यावरचा लेझर उंचीमापकही गेला. डेव्हिड स्मिथ, मारिया झुबेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा एक उपकरण उभे केले. ते १९९६ साली ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’वरून निघाले. त्याने सुमारे चारशे किलोमीटरवरून सेकंदाला दहा झोत सोडले. दर तीनशे मीटरला एक मोजणी, असा हिशोब. मे १९९९ मध्ये मंगळाचा पहिला पूर्ण उंचीनकाशा प्रसिद्ध झाला, आणि त्या दिवशी आपल्याला पृथ्वीवरच्या कित्येक सागरतळांपेक्षा मंगळाची जमीन जास्त चांगली कळली. २००१ च्या जूनपर्यंत साठ कोटींहून अधिक मोजण्या जमा झाल्या.

त्यांतून काय कळले? मंगळाचा दक्षिण ध्रुव उत्तर ध्रुवापेक्षा सुमारे सहा किलोमीटर उंच आहे. उत्तरेकडचे प्रचंड मैदान सूर्यमालेतल्या अतिशय सपाट भूभागांपैकी एक आहे. दक्षिणेतले हेलास नावाचे आघातविवर सुमारे २,३०० किलोमीटर रुंद आणि नऊ किलोमीटर खोल आहे. मंगळावर कोरड्या पात्रांसारख्या खुणा छायाचित्रांतून आधीच दिसल्या होत्या. पण छायाचित्रात उतार दिसत नाही, सावली फसवते. उंची हाती आल्यावर प्रत्येक पात्राचा वरचा आणि खालचा शेवट ठरला, आणि मंगळाच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावरचे पाणी उत्तरेकडच्या सखल मैदानात गेले असते, असे गणित मांडता आले.

हे आपल्या गावात तरी कुणाला समजावून सांगायला नको. मलिक अंबरने खडकी या नावाने हे शहर वसवले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरीने उत्तरेच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालून गावात आणले. पंप नव्हते, वीज नव्हती. ज्यांनी ती नहर आखली त्यांना डोंगरापासून वस्तीपर्यंतचा उतार चोख ठाऊक होता. एरवी पाणी वाटेतच थांबले असते. मंगळावर काम करणारे लोक हाच प्रश्न उलट बाजूने सोडवतात. त्यांच्याकडे उतार आहे आणि त्यावरून हरवलेले पाणी शोधायचे आहे.

‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’वरच्या त्याच उपकरणाने आणखी एक गोष्ट केली, जिचे मला आजही नवल वाटते. मंगळावर हिवाळ्यात ध्रुवीय प्रदेशात कार्बन डायऑक्साइड गोठून त्याचा बर्फ पडतो. तीच जागा ऋतूंमागून ऋतू मोजत गेल्यावर तिची उंची हिवाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात उतरते, हे दिसले. फरक जास्तीत जास्त दीड-दोन मीटरांचा! दुसऱ्या ग्रहावरच्या बर्फाची जाडी चारशे किलोमीटरवरून मोजली गेली. हा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला.

मारिया झुबेर यांचे नाव इथे पुन्हा घ्यायला हवे. मंगळ, एरॉस हा लघुग्रह, बुध आणि चंद्र या चारही ठिकाणच्या लेझर मोजणीत त्यांचा वाटा आहे. सभागृहात मुली पुष्कळ दिसताहेत, त्यांनी हे नाव लिहून ठेवावे.

चंद्राच्या ध्रुवांजवळ असे खड्डे आहेत की ज्यांच्या तळाला सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. साध्या कॅमेऱ्याचे तिथे फारसे चालत नाही. लेझर आपला उजेड स्वतः घेऊन जातो. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘लुनार रेकनेसन्स ऑर्बिटर’वरील उंचीमापकाने दक्षिण ध्रुवाजवळचे शॅकल्टन विवर असे मोजले: रुंदी सुमारे २१ किलोमीटर, खोली चार किलोमीटरांहून अधिक. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपला विक्रम लँडर उतरला तेव्हा त्याच्या अंगावरही लेझर उंचीमापक होता. शिवाय त्याच्यावर नासाने दिलेली पाच सेंटिमीटर रुंदीची, आठ लोलकांची एक चकती होती. १२ डिसेंबर २०२३ रोजी त्या अमेरिकी यानाने शंभर किलोमीटरवरून लेझर सोडला आणि विक्रमवरून परतलेला प्रकाश टिपला. विक्रम तोवर झोपी गेला होता. पण लोलकाला वीज लागत नाही. चंद्रावर खूणदगड म्हणून तो पुढे दीर्घकाळ उपयोगी पडू शकेल.

आता लोणार. इथून सुमारे दीडशे किलोमीटर. चंद्रावरची काळी मैदाने आणि मंगळाचा मोठा भाग बेसाल्टचा आहे, आणि लोणारही बेसाल्टमध्ये आघाताने झालेले, चांगले टिकलेले विवर आहे. १९७३ साली तिथल्या खडकांतून आघाताचा पुरावा जगापुढे आला. २०११ साली आर्गॉन पद्धतीने त्याचे वय साडेपाच लाख वर्षांहून अधिक निघाले. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, कडेपासून तळ्यापर्यंत खोली सुमारे दीडशे मीटर. चंद्रावरच्या ताज्या लहान विवराची खोली साधारणपणे रुंदीच्या पाचव्या भागाइतकी असते. त्या मानाने इथे साडेतीनशे मीटर हवेत. मग उरलेली खोली गेली कुठे? लोणारला तळ्यात छिद्रे घेऊन पाहिले, तर खाली शंभरेक मीटर गाळ लागला. बाकीचा फरक पृथ्वीचे जास्त गुरुत्वाकर्षण, तळाशी परत कोसळलेला फुटका खडक आणि झिजलेली कड यांत वाटावा लागतो. मंगळावरचे उथळ विवर पाहून ‘हे गाळाने भरले असावे’ असे म्हणताना अशा प्रत्यक्ष तपासलेल्या विवरांचाच आधार लागतो. लेझर आकार देतो. त्या आकाराचा अर्थ जमिनीवर उतरून लावावा लागतो. म्हणून लोणारच्या कडेचा एकेक दगड जपला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. मंगळाच्या आणि चंद्राच्या या मोजण्या नासाने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. चांद्रयान मोहिमांची माहितीही इस्रो उपलब्ध करून देते. पैसे पडत नाहीत. या शहरातल्या नववी-दहावीच्या मुलांकडून आलेख कागदावर दोन छेद काढून घ्या: वर लोणारचा, खाली तेवढ्याच रुंदीच्या चंद्रावरच्या विवराचा, दोन्ही एकाच प्रमाणात. आणि मग ते कागद घेऊन त्यांना लोणारला न्या.