नकाशा कोणाच्या हातात जाणार?
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



गणपतीपुढे इतिहासावर नाहीतर संतसाहित्यावर बोलायची आपल्याकडे रीत आहे. आम्हा बांधकाम खात्यातल्या डिप्लोमावाल्यांना मात्र कार्यकर्त्यांनी विषय दिला तो कॅडचा, म्हणजे संगणकावर नकाशे काढण्याचा. कारणही तसंच आहे. दरवर्षी प्रवेश झाले, की इंदूरच्या मराठी घरांतून आम्हाला फोन येतात. मुलगी पॉलिटेक्निकला लागलेली असते, भाचा आयटीआयला. आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ऑटोकॅड केवढ्याला पडतं हो?"

आम्ही उलट विचारतो, काढलेला नकाशा कोणाच्या हातात जाणार? त्यावर सगळं अवलंबून आहे.

घराचा नकाशा असेल, तर तो आर्किटेक्टकडे, ठेकेदाराकडे आणि शेवटी नगर निगमात जातो. आपल्या मध्य प्रदेशात नकाशा मंजुरीची एबीपीएएस ही ऑनलाइन व्यवस्था आहे. तिथे नकाशा आधी संगणक तपासतो. भिंतीची रेष भिंतीच्या लेअरवर नसेल, तर नकाशा कितीही देखणा असो, परत येतो. या जगात डीडब्ल्यूजी फाइल चालते. पीथमपूरच्या कारखान्यात काम करायचं असेल, तर तिथे सुटे भाग थ्रीडीत लागतात. ते शिक्षणच निराळं. आणि स्वतःच्या स्वयंपाकघराचा ओटा आखायचा असेल, तर सुताराला कागदावर मापं मिळाली की झालं.

आता पैशांचं. ऑटोकॅड 1982 साली बाजारात आलं आणि नकाशाच्या धंद्यात त्याचीच भाषा रूढ झाली. 2016 पासून ते नव्याने कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीचं भाडं भरावं लागतं. शिकणाऱ्या मुलाने ते भाडं भरावं असं आम्हाला मुळीच वाटत नाही, कारण विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं. प्रवेशाचा पुरावा द्यावा लागतो, परवाना एक वर्षाचा असतो आणि शिक्षण चालू असेतो पुढे वाढवता येतो. अट एवढीच, की त्यावर कमाईचं काम करायचं नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी पालक उगाच धास्तावतात.

विद्यार्थी नसलेल्यांसाठी लिब्रेकॅड आहे. ते मुक्त स्रोत आहे, कायम फुकट आहे आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. फक्त टूडी. रेषा, ऑफसेट, ट्रिम, लेअर, मापं देणं, स्केलप्रमाणे छापणं, हे सगळं त्यावर शिकता येतं. अडचण डीडब्ल्यूजीची: त्या फाइली ते नीट उघडेलच असं नाही आणि त्यात जतन तर करतच नाही. काम डीएक्सएफमध्ये ठेवावं लागतं. हा प्रकारही ऑटोकॅडवाल्यांचाच आहे, ऑटोकॅडमध्ये तो उघडतो. लिब्रेकॅड ज्याच्यातून फुटून निघालं, त्या क्यूकॅडची सशुल्क आवृत्ती डीडब्ल्यूजी हाताळते आणि तिची किंमत ऑटोकॅडच्या वर्षभराच्या भाड्यापुढे किरकोळ आहे.

पुढे स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं, तर झेडडब्ल्यूकॅड किंवा ब्रिक्सकॅड पाहावं. दोन्ही एकदाच पैसे भरून कायमची घेता येतात. आज्ञाही बहुतेक त्याच, एल दाबलं की रेष, टीआर म्हणजे ट्रिम. बोटांना लागलेलं वळण मोडावं लागत नाही.

थ्रीडीसाठी फ्रीकॅड. त्यात पूर्वी एक वैताग होता. आधीच्या पायरीत एखादं भोक सरकवलं, की पुढच्या पायऱ्या भलत्याच कडेला जाऊन चिकटायच्या. नवशिक्याला वाटे आपलंच चुकलं. 2024 च्या नोव्हेंबरात आलेल्या 1.0 आवृत्तीत हे बरंच आटोक्यात आलं आहे, तेव्हा जुनी आवृत्ती कोणी दिली तर घेऊ नका. फ्यूजनही घरगुती वापराला फुकट आहे, पण एका वेळी दहाच फाइलींवर काम करता येतं. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं. मात्र फुकट खात्यातलं तुमचं काम जगाला खुलं असतं. शाळकरी मुलांना टिंकरकॅड पुरे.

फुकट आणि मुक्त यांत फरक आहे, तोही सांगतो. ड्राफ्टसाइट नावाचं चांगलं सॉफ्टवेअर बरीच वर्षं फुकट मिळत असे. आमच्यातल्या अनेकांनी ते वापरलं. 2019 संपलं आणि कंपनीने फुकटची आवृत्ती बंद केली; बसवलेलीही चालेना. कंपनीची मर्जी होती तोवर मिळालं. लिब्रेकॅड आणि फ्रीकॅडचा मूळ कोडच लोकांच्या हातात आहे, तिथे असं एका फटक्यात दार लावता येत नाही.

राहिला पेनड्राइव्हवरचा 'क्रॅक'. आपल्याच ओळखीच्या घरातली एक मुलगी. एका खासगी क्लासने फी घेऊन हातात हेच दिलं, वर अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं. प्रोजेक्ट जमा करायच्या आठवड्यात लॅपटॉपमधल्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर पैशांची मागणी. तिच्या वडिलांनी तो लॅपटॉप हप्त्यांवर घेतला होता. तिने सहा नकाशे चार रात्रींत पुन्हा काढले, तेही मैत्रिणीच्या घरी बसून. म्हणून क्लास लावण्याआधी विचारा, सॉफ्टवेअर कोणतं आणि परवाना कोणाच्या नावावर? उत्तर देताना ते घुटमळले, तर फी खिशातच ठेवा.

खर्च करायचाच असेल, तर चाक असलेला चांगला माउस घ्या. चाक फिरवून झूम आणि दाबून नकाशा सरकवायचा असतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे करणं म्हणजे शिक्षा. थ्रीडी करणार असाल तर रॅम निदान आठ जीबी. आणि एक पाच मीटरची टेप. आम्ही मिनी ड्राफ्टरवर शिकलो तेव्हाही पहिला नकाशा स्वतःच्या खोलीचा असे. तुम्हीही तिथूनच सुरू करा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा, खिडकीची उंची जमिनीपासून घ्या आणि कर्णही मोजा. दोन्ही कर्ण क्वचितच सारखे भरतात.