शिक्षणास वयोमर्यादा असावी काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणगौरवाचा समारंभ आताच पार पडला. मुलामुलींनी पारितोषिके घेतली, आईबापांचे डोळे भरून आले, आणि आता अर्धे सभागृह भोजनाच्या घंटेकडे कान लावून बसले आहे. अशा वेळी बोलावयास उभे राहणे हे काही सुखाचे काम नव्हे. त्यातून विषय विद्यापीठाचा आणि वक्ता मॅट्रिक! आम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे शिकविले. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी या नात्याने कधी चढलो नाही. तथापि चिटणीसांनी हा विषय सुचविला तेव्हा आम्ही तो आनंदाने पत्करला. ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले त्यांच्याविषयीच हा विषय आहे, आणि त्या पंगतीत आमचाही पाट मांडलेला आहे.

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांची एक हकीकत वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असेल. कोकणातील मुरूडचा हा मुलगा परीक्षेस बसण्यासाठी साताऱ्यास पायी गेला. वाट सुमारे ११० मैलांची, मध्ये सह्याद्री आडवा. तेथे पोहोचल्यावर ‘हा वयाने लहान दिसतो’ एवढ्याच कारणावरून त्यास परत पाठविण्यात आले. हाच मुलगा १८८१ साली मॅट्रिक झाला, १८८४ साली पदवीधर झाला, आणि १९१६ साली त्याने महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा त्याचे वय ५८ वर्षांचे होते. १९३६ साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढून अण्णासाहेब पुन्हा वर्गणी गोळा करीत हिंडू लागले. ज्या वयात आपण नातवंडांस ‘माझे आता काय राहिले आहे?’ असे ऐकवितो, त्या वयातील ही गोष्ट आहे. साताऱ्याच्या परीक्षकांस हा विद्यार्थी फार लहान वाटला. आपल्याला चाळिशीतला विद्यार्थी फार थोर वाटतो. दोन्हीकडे पाहिले जाते ते तोंडाकडे, शिकण्याच्या इच्छेकडे नव्हे.

प्रौढांनी शिकावे ही कल्पना आजकालची नाही. महात्मा फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या राहत्या घरी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्या माणसाने केव्हा शिकावे, हा या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न; त्याचे उत्तर त्यांनी दिव्याच्या उजेडात शोधले.

विद्यापीठ आपल्या भिंती ओलांडून प्रौढांकडे कसे गेले, याचीही एक मौजेची कथा आहे. ती विलायतेतील असली तरी ऐकण्यासारखी आहे. केंब्रिज विद्यापीठातील जेम्स स्टुअर्ट या तरुण अध्यापकाने १८६७ साली उत्तर इंग्लंडातील शहरांत स्त्रियांसाठी व्याख्याने सुरू केली. परक्या पुरुषाने स्त्रियांस तोंडी प्रश्न विचारणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. (आपल्याकडेच जुने रीतिरिवाज होते असे समजण्याचे कारण नाही.) तेव्हा त्यांनी प्रश्न छापून दिले आणि उत्तरे लिहून टपालाने मागविली. संकोचातून निघालेली ही युक्ती इतकी उपयोगी ठरली, की पुढे ती या शिक्षणाची रीतच झाली. रॉचडेल येथे कामगारांपुढे व्याख्यान झाल्यावर त्यांनी आपल्या आकृत्या सभागृहाच्या भिंतीवर तशाच राहू दिल्या. पुढच्या खेपेस येऊन पाहतात तो मंडळी त्या आकृत्यांपुढे जमून वाद घालीत आहेत आणि विचारावयाचे प्रश्न तयार आहेत! १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने हे कार्य अधिकृतपणे अंगावर घेतले. आम्हां शिक्षकांस यात नवल वाटत नाही. लहान मुलाला प्रश्न सुचावा म्हणून खटपट करावी लागते. प्रौढ माणूस प्रश्न बरोबर घेऊनच येतो.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण आरंभिले. विलायतेतील मुक्त विद्यापीठास १९६९ साली सनद मिळाली. त्याची वाट पाहून हैदराबाद येथे १९८२ साली, दिल्लीस इंदिरा गांधी यांच्या नावे १९८५ साली, आणि आपल्या नाशिकास यशवंतराव चव्हाण यांच्या नावे १९८९ साली मुक्त विद्यापीठे निघाली. घरी येणारी पुस्तके विद्यार्थ्याने स्वतः वाचून समजून घ्यावी, गावच्या अभ्यासकेंद्रात ठराविक दिवशी जाऊन अडलेले विचारावे, आणि नोकरी-संसार सांभाळून परीक्षा द्यावी, अशी नाशिकच्या विद्यापीठाची रीत. ज्यांची बारावी झाली नव्हती अशा कित्येकांस पूर्वतयारीचा शिक्षणक्रम देऊन त्याने पदवीच्या वाटेवर घेतले. याखेरीज पदवीचा हव्यास नसणाऱ्यांसाठी निरनिराळ्या विद्यापीठांत निरंतर शिक्षणाचे विभाग आहेत. मुंबई विद्यापीठात त्यास आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग म्हणतात. २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयं’ नावाची योजना काढली. तीत विद्यापीठांतील अध्यापकांची व्याख्याने भ्रमणध्वनीवरही फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची तर तेवढे शुल्क पडते. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी निर्माण केली. पेढीत पैसे ठेवावे तसे उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक तीत सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. आजारपण, बाळंतपण, बदली यांमुळे अभ्यास तुटणाऱ्यांस ही सोय फार मोलाची आहे.

याचा अर्थ सर्व काही आलबेल आहे असा नव्हे. बढतीपुरती पदवी हवी म्हणून नाव नोंदवावयाचे, विद्यापीठाची पुस्तके बांधलेल्या दोरीसकट माळ्यावर टाकावयाची, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाजारातील गाइड घोकावयाचे, असा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. त्यास आजीवन शिक्षण म्हणणे म्हणजे उपवासाच्या दिवशी फराळाचे ताट मोजण्यासारखे आहे. शिवाय दूरशिक्षणाच्या नावाखाली फसविणारेही भेटतात. पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेस त्या शिक्षणक्रमासाठी आणि त्याच वर्षासाठी अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे आयोगाच्या यादीत पाहून घ्यावे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता चालू वर्षाचे माहितीपत्रक वाचावे.

परंतु आमचे खरे म्हणणे पुढेच आहे. विद्यापीठाचे दार उघडे आहे. घराचे दार उघडे आहे काय?

आपल्याच ज्ञातीतील एक भगिनी. नाव सांगत नाही; कदाचित त्या आज येथे बसल्याही असतील. दहावीनंतर लग्न झाले, दोन मुलांस शिकविले, मुलगा अभियंता झाला. शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातले. इतिहासाचे पुस्तक स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर ठेवलेले असे आणि पहाटे चारपासून पाणी येईपर्यंत त्यांचे वाचन चाले. एकदा अडलेला उतारा विचारावयास त्या आमच्याकडे आल्या. जमीनमहसुलाची पद्धत त्यांनी आम्हांसच अशी उलगडून सांगितली की आम्ही शिक्षक आहोत हे क्षणभर विसरलो. पहिले वर्ष उत्तम गुणांनी सुटले. घरात मात्र थट्टा थांबेना. ‘आता काय कलेक्टर व्हावयाचे आहे?’ हा प्रश्न जेवताना रोज वाढला जाई. अभ्यासकेंद्राचा वर्ग रविवारी, आणि आपल्याकडची लग्ने, बारशी, साखरपुडे, सारे रविवारीच. न गेल्यास नातेवाईक रुसत, गेल्यास वर्ग बुडे. दुसऱ्या वर्षी सासरे अंथरुणास खिळले आणि परीक्षेचा अर्ज भरावयाचा राहिला तो राहिलाच. सासऱ्यांची सेवा त्यांनी केली यात आमची तक्रार नाही. ती त्यांनी मनापासून केली. तीन कर्ती माणसे घरात असताना आठवड्यातून तीन तास दुसऱ्या कोणी त्या खाटेजवळ बसले नाही, ही तक्रार आहे.

आता मंडळाकडे वळतो. आपल्या शिक्षणनिधीच्या नियमांत ‘अर्जदाराचे वय २५ वर्षांहून अधिक नसावे’ असे एक कलम आहे. ज्यांनी ते घातले त्यांचा हेतू चांगलाच होता. पैसा थोडा आणि मुले पुष्कळ, असा तो काळ होता. आज चाळिशीतील एखादी विधवा किंवा गिरणी सुटल्यावर बेकार झालेल्या कामगाराचा मध्येच शिक्षण सोडलेला मुलगा परीक्षाशुल्क मागावयास आला, तर हेच कलम दाखवून त्यास परत पाठवावे लागते. साताऱ्याच्या परीक्षकांहून आपण निराळे काय करतो?

कार्यकारी मंडळापुढे आमच्या तीन मागण्या आहेत. निधीतील काही भाग प्रौढ विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी वेगळा काढून त्यास वयाचे कलम लावू नये. कार्यालयातील मागची खोली, जी वर्षातील दहा महिने सतरंज्या ठेवण्यापलीकडे कोणत्याही उपयोगास येत नाही, ती रविवारी दुपारी दोन ते पाच अशा विद्यार्थ्यांस अभ्यासासाठी उघडी ठेवावी. अडलेले सांगावयास आम्ही आणि आणखी दोन सेवानिवृत्त शिक्षक तेथे बसू. आणि पुढील वर्षीच्या गुणगौरवात, वय कितीही असो, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रौढांची नावे मुलांच्या नावांबरोबरच वाचली जावीत. या तिसऱ्या मागणीस खर्च काहीच नाही, म्हणून तिलाच अधिक विरोध होईल असा आमचा तर्क आहे.

आमचा अर्ज चिटणीसांच्या हाती दिला आहे. त्याची प्रत आणि सह्यांची वही दाराशेजारच्या मेजावर ठेवली आहे. भोजनास जाताना ज्यांस पटेल त्यांनी सही करावी. भगिनींनी घरी विचारून येतो असे म्हणू नये, वही आजच बंद होणार आहे.